काळारामाचा रथ आणि आपली माणसे

रविवारच्या धम्मवर्गात गेल्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलाने प्रश्न विचारला आणि आम्ही वडीलधारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. मुलाचे म्हणणे असे, "काका, बावीस प्रतिज्ञांमध्ये आपण रामाला देव मानायचं नाही म्हणतो. मग बाबासाहेबांनी रामाच्याच देवळासाठी नाशिकला सत्याग्रह कशाला केला?" प्रश्न साधा होता. आम्ही त्याला काहीतरी उत्तर देऊन बसवले, पण ते उत्तर आमचे आम्हांलाच पटले नाही. विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा, असा समितीचा निरोप आला तेव्हा आम्ही ठरवले की त्या मुलाचेच उत्तर द्यावे. थोडे सविस्तर द्यावे.

त्यासाठी आधी ते देऊळ, त्याच्या कथा आणि त्याचा उत्सव समजून घ्यावा लागेल. आपल्याकडे काळाराम म्हटले की २ मार्च १९३० ही तारीख पोरांना पाठ असते. पण ते देऊळ कोणी बांधले, तिथला रथ कसा निघतो, लोक तिथे काय काय सांगतात, हे विचारा, कुणाला सांगता येत नाही. ज्या दारासमोर आपल्या आज्या-पणज्या उन्हात बसल्या, त्या दाराच्या आत काय आहे ते माहीत असायला हरकत काय?

नाशिकला गोदावरीच्या डाव्या काठावर पंचवटी आहे. पाच वडांवरून हे नाव पडले. राम, लक्ष्मण आणि सीता वनवासात इथे राहिले अशी श्रद्धा आहे. देवळापासून जवळच सीतागुंफा दाखवतात. लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक इथे कापले, नाकाला संस्कृतात नासिका म्हणतात, म्हणून गावाचे नाव नाशिक, ही कथा तर सर्वश्रुत आहे. दुसरे लोक म्हणतात, नऊ टेकड्यांच्या शिखरांवर गाव वसले म्हणून नवशिख आणि त्याचे नाशिक. पुढे खर आणि दूषण हे शूर्पणखेचे भाऊ चौदा हजार राक्षस घेऊन चालून आले आणि रामाने एकट्याने त्यांचा नाश केला, असे रामायणात आहे. त्या वेळी रामाने काळासारखे उग्र रूप घेतले म्हणून तो काळाराम, असेही काही जण सांगतात. मूर्ती काळ्या पाषाणाची आहे म्हणून काळाराम, हे त्याहून सोपे कारण.

पंचवटीत कथांना तोटा नाही. तिथून हाकेच्या अंतरावर कपालेश्वराचे शंकराचे देऊळ आहे. त्याच्यासमोर नंदीच नाही. का? तर शंकराला ब्रह्महत्येच्या पातकातून सुटण्याची वाट नंदीने दाखवली, म्हणून नंदी गुरू झाला आणि गुरूला समोर बसवायचे कसे, असे सांगतात. आम्हांला ही कथा ऐकून गंमत वाटली. बैल गुरू होऊ शकतो. असो.

आता काळाराम मंदिराची कथा. असे सांगतात की या जागी पूर्वी लाकडी देऊळ होते. पेशवाईतले सरदार रंगराव ओढेकर यांना स्वप्न पडले, त्यात गोदावरीच्या पात्रात रामाची काळी मूर्ती असल्याचा दृष्टांत झाला. सरदारांनी शोध घेतला, मूर्ती सापडली आणि तिच्यासाठी त्यांनी देऊळ बांधले. जिथे मूर्ती मिळाली ते रामकुंड, असेही म्हणतात. स्वप्नाचे आम्ही काही सांगू शकत नाही, पण देऊळ ओढेकरांनीच अठराव्या शतकाच्या शेवटी बांधले हा इतिहास आहे. रामशेजच्या डोंगराचा काळा दगड आणला. दोन हजार माणसे बारा वर्षे राबली आणि तेवीस लाख रुपये खर्च झाले, असा आकडा सांगतात. कळसापर्यंत देऊळ सुमारे सत्तर फूट उंच आहे. भोवती भक्कम दगडी कोट आहे आणि चार दिशांना चार दरवाजे. पूर्वेचा मुख्य. चौदा पायऱ्या म्हणजे चौदा वर्षांचा वनवास, असा अर्थ भाविक लावतात. आत काळ्या पाषाणाच्या राम, लक्ष्मण, सीता अशा सुमारे दोन-दोन फुटांच्या मूर्ती आहेत. रामाचा एक हात छातीवर आहे आणि दुसरा पायाकडे. जो पायाशी येईल त्याला मी हृदयाशी धरीन, असा त्याचा अर्थ तिथे सांगतात.

हा अर्थ वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे लागेल.

आणखी एक गोष्ट इथेच नमूद करतो. शूर्पणखेच्या नाकाची कथा कितीही जुनी असो, नाशिक हे नाव दगडावर कोरलेले पाहायचे असेल तर पंचवटीत नाही, त्रिरश्मी डोंगरावर जावे लागते. शहरापासून आठेक किलोमीटरवर ही चोवीस लेणी आहेत. भिक्खुसंघासाठी ती इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपास कोरायला सुरुवात झाली. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर नाशिकच्या रहिवाशांनी एका गावाचे दान दिल्याचा लेख आहे. सातवाहन राजा कण्ह याच्या काळातल्या छोट्या विहारावरही नाशिकच्या एका महामात्राचे नाव आहे. गौतमी बलश्रीने आपल्या पराक्रमी मुलाचे वर्णन जिथे कोरवले ते लेणेही इथलेच. आणि लोक या डोंगराला काय म्हणतात? पांडवलेणी! पांडवांचा काही एक संबंध नाही. भिक्खू गेले, लेख वाचणारे कुणी उरले नाही आणि रिकाम्या जागेत कथा येऊन राहिली. कथेचे असेच असते, जागा मोकळी दिसली की ती बिऱ्हाड करते. कथा वाईट असते असे आमचे म्हणणे नाही. पण लेख कुठे आणि कथा कुठे, एवढे आपल्या पोरांना कळायला हवे.

आता उत्सव. गुढीपाडव्यापासून देवळात रामाचे नवरात्र बसते. चैत्र शुद्ध नवमीला भर दुपारी बारा वाजता रामजन्म होतो, पाळणा म्हणतात, सुंठवडा वाटतात. हे गावोगावच्या रामाच्या देवळात होते. नाशिकचे वैशिष्ट्य त्यानंतर दोन दिवसांनी, कामदा एकादशीला. त्या दिवशी रथ निघतात. एक नव्हे, दोन. एक रामरथ आणि दुसरा गरुडरथ. घोडे नाहीत, बैल नाहीत. जाड दोरखंड बांधलेले असतात आणि माणसे रथ ओढतात. हा मान ठरलेल्या मंडळींचा, तालमीतल्या गड्यांचा. पुजारी घराण्यातला मानकरी रथाकडे तोंड करून, देवाला पाठ न दाखवता, उलट्या पावलांनी सगळा रस्ता चालतो. रामरथ गोदावरी ओलांडत नाही, अलीकडच्या काठाला थांबतो. गरुडरथ मात्र नदी ओलांडून जुन्या गावातून फिरून येतो. मग रामकुंडावर देवाला अवभृथ स्नान घालतात. रात्री उशिरापर्यंत हे चालते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, गच्च्यांवर, ओट्यांवर माणसे. दोराला हात लागला तरी पुण्य, म्हणून लोक धडपडतात.

वर्षाचे बाकीचे दिवस देव कोटाच्या आत, गाभाऱ्यात असतो. त्याला भेटायचे तर दरवाजा ओलांडावा लागतो आणि दरवाजा कुणी ओलांडायचा हे पुजारी आणि पंच ठरवतात. रथाच्या दिवशी मात्र देव स्वतः बाहेर येतो. रस्त्यावर. रस्ता काही देवळाचा नाही, तो सगळ्यांचा, सरकारी. म्हणजे त्या एका दिवशी दरवाज्याचा प्रश्नच उरत नाही, उरतो फक्त दोराचा. आमच्या मते काळाराम सत्याग्रहाचे सगळे मर्म या दोरात आहे.

तर १९३० साली काय झाले ते आता पाहू. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ मध्ये झाला होता. १९२९ मध्ये पुण्याला पर्वतीचा झाला. नाशिकच्या कार्यकर्त्यांनी सत्याग्रह समिती नेमली. भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजे आपले कर्मवीर दादासाहेब गायकवाड, तिचे चिटणीस. रविवार, २ मार्च १९३० रोजी सकाळी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि दुपारी मिरवणूक निघाली. सुमारे पंधरा हजार माणसे. चौघाचौघांच्या रांगा, पुढे बॅंड, त्यामागे स्काउटची पथके, मग पाचशेच्या आसपास बाया आणि त्यांच्यामागे पुरुष. मैलभर लांब ती मिरवणूक होती म्हणतात. नाशिकने तोवर असे काही पाहिले नव्हते. मिरवणूक पूर्वेच्या दरवाज्याशी आली तेव्हा दरवाजे बंद होते. मंडळी गोदावरीच्या घाटावर गेली, तिथे सभा झाली. रात्री उशिरा ठरले की शांततेने, हात न उगारता, चारही दरवाज्यांसमोर धरणे धरायचे.

दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, पहिली तुकडी बसली. सव्वाशे पुरुष आणि पंचवीस बाया. आपल्या बाया तेव्हा कशा असतील याचा विचार करा. अंगावर एखादे धडके लुगडे, कडेवर पोर, घरी म्हातारी माणसे. त्या दरवाज्यासमोर बसल्या, पोलीस समोर उभे, आणि आतून शिव्या. मार्चचे ऊन नाशिकलाही काही कमी नसते. मागे आणखी हजारो लोक आपली पाळी यायची वाट पाहत होते. गोरे पोलीस अधीक्षक रेनॉल्ड्स यांनी तर आपली कचेरीच देवळासमोर तंबूत आणली. गावात समेट व्हावा म्हणून शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या अध्यक्षतेखाली सभा घेतली, तर ती सनातन्यांनी दगड-जोडे फेकून उधळून लावली. आपल्याच शंकराचार्यांची सभा!

महिनाभर देऊळ बंद राहिले. म्हणजे स्पृश्यांचीही वाट अडली. रामनवमी जवळ आली. नवरात्र, जन्मोत्सव, रथ, हे सगळे बंद दाराआड कसे करणार? उत्सव मोडला तर गावाची नामुष्की. तेव्हा तडजोड निघाली. देवळाच्या आत येण्याचा प्रश्न बाजूला ठेवायचा, पण रथ ओढताना दोन्ही बाजूंचे तगडे गडी दोराला हात लावतील. असे ठरले. बाबासाहेबांनी ते मान्य केले. किती साधी मागणी होती पाहा. गाभारा नाही, मूर्तीला स्पर्श नाही, तीर्थ-प्रसाद नाही. सरकारी रस्त्यावर, उघड्यावर, एका दोराला हात.

९ एप्रिल १९३०, रथाचा दिवस. दुपारपर्यंत देवळाच्या दरवाज्याशी गर्दी जमली. बाबासाहेब निवडक गडी घेऊन स्वतः तिथे उभे. आणि आपल्या माणसांचा हात दोराला लागायच्या आत स्पृश्यांनी रथ पळवला. ओढला नाही, अक्षरशः पळवला. अरुंद गल्लीत शिरले, तोंडाशी हत्यारबंद पोलिसांचे कडे. मागून धावलेल्या आपल्या माणसांवर दगडांचा वर्षाव सुरू झाला. तशाही स्थितीत भास्करराव कद्रेकर नावाचा तरुण पोलिसांचे कडे फोडून पुढे घुसला. तो भंडारी समाजाचा होता, अस्पृश्य नव्हता, हे मुद्दाम सांगतो. त्याच्या मागोमाग आपली माणसे रथाला जाऊन भिडली. पण कद्रेकर रक्ताच्या थारोळ्यात बेशुद्ध पडला.

देवाला पाठ दाखवायची नाही म्हणून जिथे मानकरी उलट्या पावली चालतो, तिथे त्या दिवशी देवालाच घेऊन धूम ठोकावी लागली. कशासाठी? दुसऱ्या माणसाचा हात दोराला लागू नये म्हणून. रामाचा एक हात छातीशी आणि एक पायाकडे आहे, त्याचा अर्थ वर सांगितला आहे. शबरीची बोरे, गुहकाची होडी, या कथा कीर्तनात दरवर्षी होतात आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येते. शंबुकाची कथा मात्र पंचवटीत आमच्या कानांवर आली नाही. उत्तरकांडात ती आहे. तप करतो म्हणून रामाने ज्या शूद्राचा शिरच्छेद केला, तो शंबुक. कुठली कथा सांगायची आणि कुठली कपाटात ठेवायची हेही शेवटी माणसेच ठरवतात.

रथाच्या दिवसाचे पडसाद नाशिक शहरापुरते राहिले नाहीत. जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत आपल्या लोकांना त्याची किंमत मोजावी लागली. पोरांना शाळेतून काढले, वाटा बंद केल्या, दुकानात मीठ-मिरची मिळेना. नाशिकला जाऊन आलास काय, घे आता! असा तो सूड होता. सत्याग्रह तरी थांबला नाही. तो पुढे १९३५ पर्यंत अधूनमधून चालूच राहिला. चैत्र आला की पुन्हा तीच तयारी, पुन्हा अटका, पुन्हा तुरुंग. दादासाहेब गायकवाडांनी या सगळ्यात स्वतःला अक्षरशः झोकून दिले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. ३ मार्च १९३४ रोजी, म्हणजे पहिली तुकडी बसली त्याला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, बाबासाहेबांनी दादासाहेबांना एक पत्र लिहिले. रामनवमीला पुन्हा सत्याग्रह करावा का, हा प्रश्न होता. बाबासाहेबांनी करू नये म्हणून कळवले. त्यात त्यांनी स्वच्छ सांगितले आहे की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण ही चळवळ सुरू केली नव्हती. देवळात गेल्याने ते समान होतील अशीही आपली समजूत नव्हती. आपल्या माणसांना आपली स्थिती काय आहे याची जाणीव व्हावी आणि त्यांच्यात चेतना यावी, त्यासाठी हा सर्वांत चांगला मार्ग वाटला. ते काम झाले आहे, आता शक्ती राजकारण आणि शिक्षण यांवर लावावी, असा त्या पत्राचा आशय आहे.

पोरा, तुझे उत्तर इथे आहे. पण खरे सांगायचे तर पुरते नाही. बाबासाहेबांच्या मनात रामदर्शन नव्हते हे खरे. मात्र १९३० साली त्या पंधरा हजारांत कितीतरी असे होते की ज्यांच्या मनात ते होते. त्यांच्या घरी देव्हारा होता, गळ्यात माळ होती, ते पंढरीला जात होते. त्यांना खरोखरच राम पाहायचा होता. हे लपवण्यात अर्थ नाही आणि त्यात कमीपणाही नाही. ती माणसे दाराशी महिनाभर बसली आणि त्यांना दार दिसले. मग रथाच्या दिवशी दगड लागले आणि त्यांना दोर दिसला. पुस्तक वाचून जे कळले नसते ते पायावरच्या जखमेने कळवले. आपल्या वाडवडिलांचे मन असे पालटत गेले. एका रात्रीत नाही. बरीच मंडळी म्हणतात की तो सत्याग्रह हरला, कारण दार उघडले नाही. आमच्या मते दार बंद राहिले म्हणूनच पुढची वाट सापडली. हे मत सगळ्यांना पटेलच असे नाही. समितीतही त्यावर वाद झाला. एका ज्येष्ठांचे म्हणणे असे की दार उघडले असते तरी आपण बाहेर पडलोच असतो.

ती पुढची वाट नाशिक जिल्ह्यातच सुरू झाली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली आणि तिथेच देवळांचे सत्याग्रह बंद करण्याचा सल्ला दिला. काळारामापासून येवला काही फार दूर नाही, एस.टी.ने दोन-अडीच तास. पण तिथून दीक्षाभूमीवरच्या १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत एकवीस वर्षे लागली. मधल्या काळात १९४७ साली मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरासाठी साने गुरुजींचे उपोषण झाले तेही त्याच वर्षी. १९५० पासून संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यताच गुन्हा ठरली. काळारामाचे दार उघडले. तोवर आपल्याला आत जायचे उरले नव्हते.

अलीकडे विहारातर्फे नाशिकची सहल काढली होती. सकाळी त्रिरश्मीवर गेलो, चैत्यगृहात बुद्धवंदना घेतली, पोरांना तो नाशिक नावाचा लेख बोटाने दाखवला. वाचता कुणालाच आला नाही, ब्राह्मीच ती. दुपारी पंचवटीत उतरलो आणि पूर्वेच्या दरवाज्यासमोर उभे राहिलो. दर २ मार्चला इथे अनेक जण अभिवादनाला येतात. आम्ही गेलो तो साधाच दिवस होता. फुलवाले, प्रसादाची दुकाने, चपला सांभाळणारी बाई. आत जायचे की नाही यावर आमच्यात थोडी कुजबुज झाली. काही जण बाहेरच थांबले. पोरे मात्र, कुणाला न विचारता, चपला काढून आत शिरली. दारावर कुणी काही विचारले नाही.

दहा मिनिटांत ती परत आली. तो सातवीतला मुलगाही त्यांत होता, आता आठवीत गेलाय. आम्ही विचारले, काय पाहिलंस? म्हणाला, "मूर्ती छोटीच आहे हो, काका. खांब भारी आहेत." मग जरा थांबून त्याने विचारले, "तो रथ कुठे ठेवतात? दोर बघायचा होता."